पाणसळीत बसलेलं घर

शेवटची लादी काही केल्या हलेना. ओदिलने पहारेवर अंगाचा सगळा भार टाकला, तेव्हा कुठे ती बोटभर उचलली गेली आणि तिच्याखालून ओल्या मातीचा गार वास वर आला. पलीकडे रेमों गवंडी गुडघ्यांवर बसून दुसरी पहार आत सरकवत होता.

"दम धर जरा. लादी आहे ती, नवरा नाही, धक्का दिला की चालता व्हायला."

"माझ्या नवऱ्याला धक्कासुद्धा द्यावा लागला नाही," ओदिल म्हणाली. "आपला आपणच चालता झाला."

रेमों एवढा हसला की त्याच्या हातची पहार निसटली. मग दोघांनी मिळून लादी उभी केली आणि भिंतीला टेकवली. ही चुलीपुढची. पिढ्यान् पिढ्यांच्या लाकडी जोड्यांनी ती मधोमध अशी झिजली होती की कडा आणि मध्य एकाच दगडाचे आहेत यावर विश्वास बसू नये.

"सूप वाढावं एवढा खळगा पडलाय," रेमों म्हणाला. "हीसुद्धा बाहेर?"

"हीसुद्धा."

फाटकापुढच्या वाटेवर बर्फ वितळून गुडघाभर राड झाली होती. रेमोंची गाडी तिथे एकदा सोडून दोनदा रुतली, तेव्हापासून घरातून निघालेल्या लाद्या घणाने फोडून तो चाकोरीत भरत होता. थोड्या वेळाने घणाचे घाव ऐकू आले. त्या आवाजाने ओदिलचा हात थांबला असता, तर पुढचे बरेच टळले असते. पण तो थांबला नाही. उलट ती खुशीत होती. केसांत धूळ, नखांत माती, आणि गुणगुणणे चालू. जन्मभर क्लेरमों शहराच्या पोस्टात काचेमागे बसून तिकिटे विकलेल्या बाईला आपल्या हातांनी काही करून दाखवायची संधी साठी जवळ आल्यावर मिळाली होती, आणि माणूस असा खुशीत असला की कुणाला काही विचारत नाही.

घर तिच्या वडिलांचे. लेओंस म्हातारा आता नव्वदीला टेकला होता. डोळे हळूहळू जात जात शेवटी पुरते गेले. खिडकी कुठे आणि भिंत कुठे एवढाच उजेडाचा फरक त्याला कळे. तरी बायको गेल्यावर तो या डोंगरावरच्या घरात एकटा राहत होता आणि कुणी शहराचे नाव काढले की चिडत होता. दोन हिवाळ्यांपूर्वी तो पडला, खुब्याचे हाड मोडले. इस्पितळातून त्याला घाटाखालच्या गावातल्या वृद्धाश्रमात न्यावे लागले.

"हिवाळा संपेपर्यंतच, पापा," ओदिलने तेव्हा शब्द दिला होता. तो हिवाळा गेला, पुढचाही गेला. नोकरी सुटत नव्हती आणि म्हाताऱ्याला एकटे सोडायचा धीर होत नव्हता. लेओंसने बोल लावला नाही. फक्त दर रविवारी फोनवर एकच विचारायचा, "बर्फ वितळला का गं?"

यंदा ती निवृत्त झाली आणि डिसेंबरातच सामानसुमान घेऊन वर राहायला आली. आश्रमातल्या बाईंनी तिला बजावले होते की अशा वयाला सगळा धोका पायांखालीच असतो. अडखळायला काही ठेवू नका. ओदिलने ते मनावर घेतले. मुख्य दाराचा दगडी उंबरठा गेला. चुलीकडे चढायची पायरी गेली. मोरीकडे उतरत गेलेला जमिनीचा ढाळ गेला, कारण आता पाणी नळीने वाहून जाणार होते. गोठ्यात उघडणारे दार रुंद करून उलट्या बाजूला फिरवले. पापांना यातले काही कळू द्यायचे नाही, असे तिने रेमोंला निक्षून सांगितले होते. घरी आणल्यावर त्यांना नवल वाटायला हवे.

मार्चच्या मध्याला नवी फरशी बसली. रेमोंने पाणसळ आधी दारात ठेवली, मग मधोमध, मग मोरीपाशी, आणि प्रत्येक वेळी काचेतला बुडबुडा जिथल्या तिथे उभा राहिला.

"ये, बघून घे. अंडं ठेवलंस तरी घरंगळणार नाही. या आळीत असं एक तरी घर आहे का, सांग!"

ओदिलने त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. खिडकीबाहेर हेझलच्या झाडांना पिवळे तुरे लटकले होते, आणि उत्तरेच्या भिंतीखाली बर्फाची एक मळकट पट्टी काय ती उरली होती.

रविवारी ती बापाला घेऊन आली. वाटभर त्याने गाडीची काच खाली ठेवायला लावली होती. शेण, ओले गवत, लाकडाचा धूर, एकेक वास आला की तो गावाचे नाव सांगे, आणि एकदाही चुकला नाही. फाटकापाशी गाडी थांबली. रेमों स्वागताला उभाच होता.

"या म्हातारबुवा! काठी घेऊन फिरता होय आता? आम्ही ऐकलं होतं नर्सबाईंचा हात धरून फिरता म्हणून."

"तुझी बायको मोकळी असेल तर तिचा धरतो," लेओंस म्हणाला आणि गाडीतून उतरला.

दोन पावले टाकून तो थबकला. काठीने जमिनीवर टकटक केले. मग जोड्याचा तळ हलकेच पुढे-मागे घासला.

"ही मोरीपुढची," तो म्हणाला.

त्याने पाऊल आणखी पुढे टाकले, पुन्हा घासले.

"मोरीपुढचीच. हिचा कोपरा तुझ्या आईच्या हातून उडालाय, कढई पडली होती. ही इथं चिखलात काय करतेय?"

"वाट खराब झाली होती ना," रेमों घाईने म्हणाला. "भर घातली. आत तर चला, आत काय केलंय पोरीनं ते बघा!"

लेओंसने मान हलवली आणि आत निघाला. दारापाशी त्याने उजवा पाय सवयीने उंच उचलला. उंबरठा नव्हता. पाय तेवढाच खाली आला, सपाटीवर आपटला, आणि म्हातारा पुढे झुकला. ओदिलने त्याला दंडाला धरून सावरले. तो आत आला आणि उभा राहिला. चूल पेटलेली होती, तिच्याकडे त्याचे तोंडही वळले, पण पाय निघाला नाही.

"पापा, आता सगळं एका पातळीत आहे बरं का," ओदिल म्हणाली. तिचा आवाज आनंदाने जरा चढाच लागला. "दारापासून मोरीपर्यंत. अडखळायला कुठं काही ठेवलेलंच नाही."

"हो," लेओंस म्हणाला. "काहीच ठेवलं नाहीस."

मग त्याने काठी दंडाला अडकवली, दोन्ही हात पुढे केले आणि बोटे पसरून तो हवेत चाचपू लागला.

बापाला या घरात असे हात पसरलेले ओदिलने कधीही पाहिले नव्हते. आश्रमाच्या बोळात पाहिले होते, इस्पितळात पाहिले होते. इथे तो दारातून आत आला की पाय आपोआप पहिल्या खळग्यात उतरे. तिथून ढाळाने चालत गेले की मोरी. डावीकडे जमीन टाचेखाली जराशी चढू लागली की चूल आली. दोन लाद्यांमधल्या रुंद भेगेवर उभे राहून हात वर केला की कॉफीचा डबा. तो कॉफी ओतायचा आणि थेंब सांडायचा नाही. नवखा पाहुणा तर शपथेवर सांगे की म्हाताऱ्याला दिसते, उगाच सोंग करतो. आणि तो पडला होता तो बाहेर, गुरांच्या हौदापाशी, बर्फावर. घरात तो जन्मात कधी पडला नव्हता. हे तिला ठाऊक होते. दोन वर्षांत किती जणांना तिने स्वतः सांगितले होते की पापा हौदापाशी पडले. सांगत राहिली आणि घर खणत राहिली.

"थांबा, मी नेते," ती म्हणाली.

"ने," तो म्हणाला, आणि त्याने तिचा हात धरला.

रेमोंला त्या दोघांकडे बघवेना. जेवायला थांब म्हटले तरी तो बायकोचे निमित्त सांगून सटकला. जेवताना लेओंसने सगळ्याचे कौतुक केले. टेबल कुठे आहे, खिडकी कुठे, नवा दिवा कुठे, असे एकेक विचारले आणि छान, छान म्हणत राहिला. कोबीचे सूप तळाशी आले तेव्हा त्याने तिला इकडच्या रीतीप्रमाणे त्याच वाडग्यात लाल वाइन ओतायला सांगितली. पूर्वी बाटली स्वतः तिरपी करायचा. वाडगा दोन्ही हातांनी उचलून त्याने ती पिऊन टाकली आणि मिशा पुसल्या. एखाद्याकडे पहिल्यांदाच जेवायला गेलेला माणूस जसा कोपरे अंगाशी धरून बसतो तसा तो बसला होता.

"गोठा आहे ना जाग्यावर?" त्याने विचारले.

"आहे की."

"मग चल, बघू."

गोठ्याचे दार त्याने जुन्या बाजूला शोधले. ओदिलने मुकाट्याने त्याचा हात नव्या कडीवर नेऊन ठेवला. दार उघडले आणि जुन्या गवताचा वास आला. गाई विकून कित्येक वर्षे झाली होती, पण वास होता. लेओंसने खाली पाऊल टाकले, आणि तिचा दंड सोडला.

तो चालू लागला. सरळ, झपझप. तुळईपाशी आल्यावर त्याने डोके वाकवले, नेमके हवे तेवढे. डाव्या हाताने खांबावरचा दोर चाचपला, पुढे जाऊन गव्हाणीच्या गुळगुळीत कडेवर तळवा ठेवला आणि तो तिथे रेलला. ओदिल पायरीवरच उभी राहिली. आपण काय केले ते तिला स्वयंपाकघरात कळले होते. पण त्याला असा चालताना पाहून ती होती तिथेच खाली बसली.

"इथं काहीतरी नवीन आहे," त्याने हात पुढे नेऊन थोपटले. "पोती. कसली गं?"

"सिमेंट. रेमोंनं आणून ठेवलंय, पुढच्या कामाला."

"म्हणजे इथंही."

पोत्यावरचा हात काढून घेत तो म्हणाला, "माझी खाट इथं टाक."

"पापा, थट्टा पुरे."

"थट्टा कोण करतंय? पोरवयातले हिवाळे मी इथंच काढलेत."

"तेव्हा गाई होत्या, त्यांची ऊब होती. आता पाणी गोठतं इथं रात्री. थंडीनं मराल."

"मरेन," त्याने मान्य केले.

"मी लाद्या परत बसवते." ती उठून त्याच्याजवळ आली. "खरंच. उद्याच रेमोंला सांगते. वाटेवरचे सगळे तुकडे काढू, धुऊ, जिथल्या तिथं जोडू. तुम्ही सांगा कुठली कुठं ते. लागू देत दिवस, मला काय घाई आहे? नाहीतर उन्हाळाभर मी हात धरून फिरवीन तुम्हाला, आपोआप पाठ होईल पायांना."

लेओंसने तिच्या डोक्यावर हात ठेवला. केसांत चुन्याचा एक खडा अडकला होता, तो त्याने नखाने काढून टाकला.

"वेडी आहेस. दगड बसवशील गं, खळगे कुठून आणशील? आणि पाठ व्हायला या पायांत तेवढे दिवस कुठं उरलेत?"

"पापा, माझं चुकलं. मी विचारायला हवं होतं."

"हं," तो म्हणाला. नाही म्हणाला नाही. "घर चांगलं झालंय. तू राहा. तुझे पाय अजून शिकतील."

बाहेर हौदात पागोळ्यांचे पाणी पडत होते. तो बराच वेळ गव्हाणीपाशी उभा राहिला; एकदा वाकून आतली गवताची एक काडी उचलली, चावली आणि थुंकली. मग सदऱ्याला हात पुसले.

"चल, आश्रमात परत निघू या. अंधार पडायच्या आत. घाटात तुला नीट दिसायला हवं."

तुळईखाली वाकून, खांबाला वळसा घालून तो तिच्या पुढे चालत पायरीपर्यंत आला. तिथे थांबला आणि तिने धरावा म्हणून हात पुढे केला. पलीकडे स्वयंपाकघर होते.