काचेतला रबाना

मी रबाना बोलतोय. वाजवणारं कुणी उरलं नाही म्हणून बोलावं लागतंय, नाहीतर माझ्यासारख्याला तोंडाची काय गरज?

फणसाच्या लाकडाचं कडं आणि त्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं, एवढाच माझा जीव. जन्म श्रीलंकेतला. समन नावाच्या सिंहली वादकाने मला त्याच्या बँडमध्ये नेलं. बँड तिकडे भलताच गाजलेला. आम्ही 'बैला' सुरू केला की लग्नातले म्हातारेकोतारेही खुर्च्या सरकवून नाचायला उठत. बैला म्हणजे तिकडची नाचरी गाणी. इथे नाव सांगितलं तर लोक गोठ्यात बघतील. माझ्यावर बिअर सांडली आहे, कोळंबीचा रस्सा सांडला आहे. मी काही सोवळा नव्हे.

एका बुद्धजयंतीला आमचा बँड वर्ध्याला आला. नालवाडीत विहारापुढे मांडव होता. आमच्या आधी तिथल्या बायकांचं भीमगीतांचं मंडळ गायला बसलं. ढोलकीवाला ऐनवेळी आलाच नाही, म्हणून पौर्णिमा नावाची खणखणीत गळ्याची पोरगी नुसत्या टाळ्यांवर गाणं ओढत होती. समनला राहवलं नाही. मला घेऊन तो तिच्यामागे बसला आणि ठेका धरला. असं काही रंगलं, की बाया पदर खोचून उभ्या राहिल्या. निघताना समनने मला तिच्या हातात दिलं. "बजाना. रोज बजाना," एवढंच त्याचं हिंदी.

पौर्णिमाने शब्द पाळला. ओलाव्याने कातडं सैल पडलं की शेगडीवर शेकायची आणि मी पुन्हा ताठ. मंडळाला पार समुद्रपूरपासून बोलावणी यायला लागली. एसटीत ती मला मांडीवर घेऊन बसायची.

मग विहार समितीचे बापूराव आडवे आले. माणूस सज्जन, हीच तर पंचाईत.

"दीक्षाभूमीवरच्या बोधिवृक्षाची फांदी लंकेतूनच आलती ना पोरी? हेबी तिकडचंच हाय. याले गावोगाव बडवत काऊन फिरतं?"

"काका, ते वाजवाचंच हाय. समनदादा आला का त्यालेच इचारू."

तोवर मला काचेच्या पेटीत ठेवलं, बुद्धमूर्तीच्या बाजूला. मला थाप हवी होती, मिळाली फुलं. लोक मेणबत्ती लावून पाया पडायला लागले. मंडळ मोबाईलमधल्या संगीतावर गाऊ लागलं. मी मात्र समनच्या वाटेकडे डोळे लावून होतो.

यंदा तो आला. पौर्णिमा त्याला हाताला धरूनच आत घेऊन आली. "दादा, इनको बताओ ना, ये बजाने का है."

समनने मला पाहिलं. हार पाहिला, मेणबत्त्या पाहिल्या, हात जोडून उभे असलेले बापूराव पाहिले. माझं सगळं बिंग त्याला ठाऊक. पण एवढ्या भाविक लोकांपुढे त्या बिअर-बैलाच्या लग्नांचं नाव काढायची त्याला लाज वाटली. त्याने मान खाली घातली आणि मला हात जोडले.

"पाह्यलं पोरी?" बापूराव म्हणाले.

याला मी दगा म्हणतो. परक्याने केला असता तर एवढा लागला नसता.

विहारात आलात तर त्या मूर्तीला खुशाल हात जोडा. मला नको. माझं कातडं सैल पडलंय. कुणीतरी शेकून एक थाप मारा, बस.

पण सांगू कुणाला? समन गेला तशी पौर्णिमा माझ्यापुढे आली. काचेवर बोटांनी ठेका धरता धरता थांबली. मग तिनेही हात जोडले.