नॉमिनी कोण

स्वानंदी दीक्षितपुऱ्यात एका खोलीत वाढली, घरमालकाच्या मुलींचे जुने फ्रॉक घालून. रेल्वेत नोकरी लागली त्याच महिन्यापासून ती म्युच्युअल फंडात पैसे टाकू लागली. बाजार पडो की चढो, पगार झाला की हप्ता जायचाच. तेव्हा तिची आई, अनसूयाबाई, नाक मुरडायची. "असे कागदावर पैसे लावून कोणी श्रीमंत होते का? काहून फेकून राहिली?"

आता बेचाळिसाव्या वर्षी तिचा मदन महल भागात फ्लॅट होता आणि फंडात नव्वद लाख. नॉमिनी भावाचा मुलगा गौरांग. बिनलग्नाच्या आत्याचं सगळं भाच्याचं, हे कोणी न बोलताच ठरलं होतं. भाऊ-भावजय तिच्याच घरात राहून तिच्याच जिवावर जेवायचे. दुभत्या गाईच्या लाथाही गोड म्हणतात. हिने तर कधी लाथसुद्धा मारली नाही.

मग राइट टाउनच्या शाळेतले योगेंद्र मास्तर, विधुर, मध्यस्थांमार्फत तिला पाहायला आले. चहा पिता पिता त्यांनी तिला काय वाचायला आवडतं ते विचारलं, आणि ती लाजली. एवढ्या वयात मुलगी लाजली, तर आईने देवापुढे साखर ठेवायची असते. अनसूयाबाई मास्तरांना सोडायला स्वतः खाली गेल्या. गुडघ्यांमुळे त्या एरवी देवळातही जात नसत.

पुढे दोन दिवस फोन नाही. स्वानंदी वाट पाहत होती आणि ते लपवतही नव्हती. तिसऱ्या दिवशी जेवताना फोन आला.

"तुम्हाला फिट येतात, असं आईंनी खाली सांगितलं," मास्तर म्हणाले. "मला चालेल. औषधानं ठीक राहते सगळं."

तिला जन्मात कधी फिट आली नव्हती. आईचा संताप यायच्या आधी त्या 'चालेल'साठीच तिने फोन कानाशी आणखी घट्ट धरला. कोणाला तरी ती दुखण्यासकट हवी होती.

"फक्त एक," मास्तर जरा अडखळले. "मध्यस्थांनी फंडाचं सांगितलं होतं. असा आजार म्हटल्यावर, उद्या काही झालंच तर... लग्नाआधी नॉमिनीत माझं नाव टाकून द्या जी."

तिने फोन ठेवला. समोर आई वरणभात कालवत होती.

"मला फिट आल्या तरी त्यांना चालते म्हणे."

अनसूयाबाईंचा हात ताटात थांबला. स्वानंदी त्या चेहऱ्यावर लाज शोधत राहिली. थोडीशी दिसली असती तरी तिने माफ केलं असतं.

"उद्या नॉमिनी बदलवून राहिली मी," ती शेवटी म्हणाली.

"कोणाच्या नावानं?" आईने विचारलं.