कडवटपणा कुठे गेला

धाकटी औषधी मुळ्या तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती आणि त्या जोरावर घरात अक्कल वाटत फिरायची. अण्णांच्या गुडघ्यांसाठी ताई कसल्याशा मुळीचा काढा करायची, आठवड्याचा एकदम. अण्णांनी कडू म्हणून तोंड वाकडं केलं, तेव्हा गेल्या आठवड्यात धाकटीच म्हणाली होती, "कडक कोरा चहा घाल त्यात."

कडवटपणा गेला. अण्णा खूश आणि धाकटीची कॉलर ताठ.

आज सकाळी ताईने नवा काढा उकळला. चहा घालायच्या आत धाकटीने त्यातला थोडा उचलून कामावर नेला, सहज तपासायला. रसायनाचे थेंब पडताच नळीत नारिंगी साका धरला. म्हणजे अल्कलॉइड भरपूर. बेताने औषध, जास्त झालं की विष. मग दुसऱ्या नळीत तिने आपल्या कपातला कोरा चहा ओतला. काढा गढुळला आणि हळूहळू तळाशी गाळ बसला. वरचं पाणी तपासलं, तर त्यात जवळजवळ काहीच नाही.

सहा दिवस अण्णा वरचं पाणी पीत होते. आठवड्याचं सगळं औषध तळाच्या कपात होतं, आणि जुन्या काढ्याचा तो शेवटचा कप आजचा होता.

ताई फोन उचलेना. अण्णा तर फोनला हातही लावत नसत. धाकटी अंगावरच्या ॲप्रनसकट बसमध्ये चढली. बसली, उठली, पुन्हा बसली. मेली बस प्रत्येक थांब्यावर रेंगाळत होती. वाटभर ती स्वतःच्या जिभेला शिव्या घालत होती.

अण्णा दारातच पेपर वाचत होते.

"काढा प्यायलात?"

"छे. नुसता गाळ होता. परत दिला ताईला."

तिच्या जिवात जीव आला. ती आत गेली. ताई ओट्याला धरून उभी होती, कपाळावर घाम.

"ताई, गाळ कुठे टाकलास?"

"टाकायचा कशाला? पाणी घालून मीच प्याले. तळाचं मीच संपवते ना नेहमी." ताईने छातीवर हात ठेवला. "तेव्हापासून जरा धडधडतंय, इतकंच."

करपलेला भात, भाजीचा रस्सा, पातेल्यातली खरवड. घरातले तळ कोणाच्या पोटात जातात, हे धाकटीने चाळीस वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं.

तिने रुग्णवाहिकेला फोन लावला. पत्ता सांगता सांगता तिला रडू फुटलं.

ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "अगं, पत्ता नीट सांग."