जलयोगिनीचा संयम

वृद्धाश्रमाच्या जेवणघराला लागून तळं होतं आणि तळ्यात एक जांभळी पाणकोंबडी राहायची. 'कोंबडी' हा शब्द व्यवस्थापकाच्या सोवळ्या जिभेला सोसेना, म्हणून त्याने तिचं परस्पर बारसं केलं : जलयोगिनी.

देवाने तिला रंगवताना हात आखडता घेतला नव्हता. अंग निळंजांभळं, चोच लाल, कपाळभर लालच मळवट, पाय तर पिकल्या मिरचीसारखे. चालताना शेपटी झटकली की खालची पांढरीशुभ्र पिसं चमकायची. पाणगवताचा कोंब उपटायचा, लांबलांब बोटांच्या मुठीत धरायचा, सोलायचा आणि आतला गाभा तेवढा खायचा, अशी तिची ऐट. व्यवस्थापक रोज जेवणाआधी तिच्यावर प्रवचन झोडायचा. "संयम बघा, संयम!" तोवर ताटं निवून जायची.

त्या दिवशी प्रवचनाला बळीही मिळाला. तापातून उठलेल्या मास्तरांना स्वयंपाकीणबाईंनी गुपचूप अंडं उकडून दिलं होतं आणि टरफल केरात सापडलं होतं. बाईंना कामावरून काढायचं, हे व्यवस्थापकाने ठरवूनच टाकलं होतं. विश्वस्तबाईंनी मान डोलवायची तेवढी बाकी होती. त्यासाठीच त्या जेवणघरात येऊन बसल्या होत्या.

"डॉक्टरांनीच सांगितलं होतं," स्वयंपाकीणबाई म्हणाल्या. "माणूस भिंत धरून चालत होता हो!"

"अजूनही धरतोय," मास्तर म्हणाले. "यांना काढलंत तर आडवाच होईन."

"मास्तर, तुम्ही बोलूच नका. तुम्ही तर खाऊन मोकळे झालात!" व्यवस्थापकाने मागे हात करून खिडकीचा पडदा सर्रकन सारला. "बाईसाहेब, बाहेर बघा. मुका जीव, पण कोंबापलीकडे कशाला चोच लावेल तर शपथ!"

सगळ्यांनी पाहिलं. पाठ खिडकीकडे होती ती एकट्या व्यवस्थापकाची.

जलयोगिनी बदकाच्या घरट्यात उभी होती. बदकीण पंख आपटून आकांत करत होती. योगिनीने शांतपणे एका अंड्याला भोक पाडलं, आत तोंड खुपसलं आणि वर काढलं, तेव्हा लाल चोचीवरून पिवळाधमक बलक ओघळत होता.

"हिच्याकडून शिकावं माणसाने!" व्यवस्थापक म्हणाला.

"शिकलो," मास्तर म्हणाले. "पण हिने उकडलंसुद्धा नाही."

व्यवस्थापक वळला. "ते... ते बदकाचं आहे," तो कसाबसा म्हणाला.

"म्हणजे कोंबडीचंच तेवढं वर्ज्य?" विश्वस्तबाई उठल्या. "बाई कामावर राहतील. मास्तरांना रोज एक अंडं मिळेल. तुम्हाला बघवत नसेल तर डोळे मिटून घ्या; तेवढा योग जमत असेलच."

दुसऱ्या दिवशी पडदा ओढलेला होता, प्रवचन नव्हतं आणि ताटांतून वाफ येत होती. स्वयंपाकीणबाई वाढता वाढता मध्येच थांबल्या. बाहेर बदकीण पुन्हा ओरडत होती. त्या झारा घेऊन तशाच तळ्याकडे धावल्या.

"हो बाजूला, मेले! मास्तरांना डॉक्टरांनी सांगितलंय. तुला कुणी सांगितलं?"