उलट्या जुडीचं प्रार्थनापुस्तक

मी एक प्रार्थनापुस्तक. हाताने लिहिलेलं, हाताने शिवलेलं आणि खरं सांगायचं तर हाताने बिघडवलेलंही. छापखान्यातली पुस्तकं एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं अशी असतात. माझ्यासारखं मात्र दुसरं नाही. हा गर्व नव्हे. पुढचं ऐकलंत की तुम्हीच म्हणाल, बरं झालं दुसरं नाही.

ज्या मठात माझा जन्म झाला, तिथे एक रीत आहे. स्वतःचं प्रार्थनापुस्तक कोणी स्वतः करायचं नाही. नवा माणूस आला की आधीच्यांपैकी एकाने त्याच्यासाठी लिहायचं. पहाटेची स्तोत्रं, संध्याकाळच्या विनवण्या, आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी, सगळं. फक्त शेवटची जुडी कोरी सोडायची. जुडी म्हणजे घडी घालून एकात एक बसवलेले कागद. अशा जुड्या एकीवर एक ठेवून शिवल्या की पुस्तक होतं. त्या कोऱ्या जुडीत मृतांसाठीची प्रार्थना येते. तो आल्यानंतर मठातलं पहिलं माणूस गेलं, की ती ज्याची त्याने आपल्या हाताने लिहायची.

मला थोरल्याने लिहिलं, धाकट्यासाठी. मठात सगळेच एकमेकांचे ब्रदर, पण हे दोघे एका आईच्या पोटचे. थोरला आधी आला, पुस्तकं बांधायच्या खोलीत रमला. धाकटा त्याच्या पाठोपाठ आला. लहानपणापासून दादा जिथे, तिथे हा. शाळेत त्याचं कधी जमलं नाही. अक्षरांशी त्याची नुसती तोंडओळख, तीही दादाने करून दिलेली. त्याला कपडे धुण्याच्या खोलीत काम मिळालं. तिथे ओले झगे पिळायचे असतात, आणि पिळायला शाळा लागत नाही.

मी लिहिला जात होतो तेव्हा तो साबणाच्या हातांनी दारात उभा राहायचा.

"दादा, झालं का माझं?"

"पुस्तक आहे, चहा नाही. उकळला की झाला!"

एकदा तो बघायला म्हणून इतका वाकला की दादाच्या कोपराला धक्का लागला. संध्याकाळच्या स्तोत्रावर शाईचा हा मोठा डाग. धाकट्याचं तोंड पांढरं. थोरल्याने डागाकडे पाहिलं, त्याला चार पाय काढले, मिशा काढल्या, शेपूट काढलं.

"आपल्या आईची मांजर," तो म्हणाला. "प्रार्थनेला आली आहे. आता हिला हुसकावू नकोस."

मठाधिपती फादरांनी ते पान पाहून भुवया उंचावल्या. "मांजरही देवाचंच आहे," असं म्हणून पान उलटलं. तेव्हापासून ती माझ्यात आहे, गुबगुबीत आणि समाधानी.

मग थोरल्याला खोकला झाला. खोकल्याचा ताप झाला. धाकटा चमच्याने पाणी पाजत होता, तेवढ्यात पाणी ओठांवरून खाली आलं. बस. इतकंच. माणूस जाताना काहीतरी मोठं होत असेल असं मला वाटायचं. काही होत नाही. चमचा हातात राहतो.

धाकटा त्या दिवसापासून मला हात लावेना. प्रार्थनेला यायचा, मला बाकावर ठेवायचा आणि समोरच्या भिंतीकडे बघत उभा राहायचा. मी बंद.

पण मठाची रीत बंद राहू देत नाही. माणसाला जाऊन महिना झाला की त्याच्यासाठी मिस्सा होते, म्हणजे मठाच्या देवळात सगळ्यांनी मिळून करायची प्रार्थना. त्या दिवशी मृतांची प्रार्थना प्रत्येकाने आपापल्या पुस्तकातून म्हणायची. ज्याने लिहिलेली नाही, त्याने गप्प उभं राहायचं. म्हणजे सगळा मठ दादासाठी गाणार आणि सख्खा भाऊ मुका.

पुस्तकबांधणीच्या खोलीत एक म्हातारे ब्रदर आहेत. बोटं कायम चिकट, म्हणून त्यांना सगळे डिंकबाबा म्हणतात. मिस्सा जवळ आली तसं त्यांनी धाकट्याला बोलावून घेतलं. दौत पुढे सरकवली, माझी कोरी जुडी उघडली.

"बस आणि लिही."

"तुम्ही लिहा ना, बाबा. तुमचं अक्षर चांगलं आहे."

"आपल्या माणसाला खांदा आपण द्यायचा. शेजाऱ्याला पाठवून चालत नाही."

"माझं अक्षर दादाच्या अक्षराशेजारी? रेशमाला गोणपाटाचं ठिगळ!"

"ठिगळ तर ठिगळ. थंडी वाजायची थांबते ना?"

"मला नाही लिहायचं!" धाकटा ओरडला. "लिहिलं की तो गेला. खरंच गेला. तुम्हाला सगळ्यांना घाई झालीय त्याला घालवायची!"

आणि त्याने ती कोरी जुडी धरली आणि हिसडली. दोरा तुटला. जुडी त्याने खळीच्या बादलीत भिरकावली.

डिंकबाबांनी बादलीत डोकावून पाहिलं. "आजच शिजवली होती खळ," ते म्हणाले. "झालं समाधान?"

धाकटा उत्तर देणार, तेवढ्यात त्याला मी दिसलो. माझी पाठ सैल पडली होती. आधीची जुडी बाहेर आली होती, तिच्या आधीची हलत होती. मांजरीचं पानसुद्धा तिरकं झालं होतं.

"बाबा! दादाची शिवण सुटतेय!"

"सुटणारच. सगळ्या जुड्यांतून एकच दोरा जातो. शेवटची ओढलीस, पहिलीपर्यंत हिसका बसला."

"धरा ना! थांबवा ना ती!"

"मी कशाला थांबवू? मला तर तुझ्या दादाला घालवायची घाई आहे."

धाकटा मटकन खाली बसला आणि मला दोन्ही हातांनी छातीशी आवळून रडला. दादा गेल्यानंतर पहिल्यांदाच. माझं कातडं ओलं झालं. पुस्तकाला पाणी वर्ज्य, पण त्या दिवशी मला काही वाटलं नाही. डिंकबाबा जवळ येऊन बसले आणि आपल्या चिकट हाताने त्याच्या केसांवरून थोपटू लागले. केस चिकटले. त्याला कळलंही नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो कपडे वाळत घालून झाले की इकडे यायचा. कागद कापला, घड्या घातल्या, लिहायला बसला. जीभ बाहेर काढून लिहायचा. ओळ वर चढायची, मग घसरगुंडीवरून खाली यायची. कागद वाया गेले. प्रार्थनेत एक जागा अशी आहे, जिथे गेलेल्याचं नाव घालतात. मठात मिळालेलं थोरल्याचं नाव चांगलं लांबलचक होतं. धाकट्याने तिथे 'दादा' लिहिलं.

शिवायला बसला तो मिस्सेच्या आदल्या दिवशी. डिंकबाबांनी दोऱ्याला मेण लावून दिलं आणि खिडकीशी खुर्चीत डुलक्या घेऊ लागले. धाकट्याने तुटल्या जागी नवा दोरा जोडला, सुटलेल्या जुड्या एकेक करून आवळल्या. टाके मोठे, पण घट्ट. झगे पिळणारे हात ते! शेवटी स्वतःची जुडी ठेवली, शिवली, गाठ मारली, पुठ्ठ्याला चिकटवली आणि मला उघडलं.

"बाबा! हे काय झालं?"

डिंकबाबा दचकून उठले. त्यांनी मला डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, फिरवलं, आणि पोट धरून हसायला लागले. जुडी उलटी शिवली गेली होती. वरची बाजू खाली, पुढची बाजू मागे.

"उसवतो," धाकटा म्हणाला. कात्रीही उचलली. मग थांबला. माझ्या पाठीवरून त्याने अंगठा फिरवला. "नको. परत हिसका नको. राहू दे असंच."

"अरे, पण वाचशील कसा?"

"मला उलटं धरून."

मिस्सेच्या दिवशी देऊळ भरलं होतं. प्रार्थनेची वेळ आली. सगळ्यांनी शेवटचं पान काढलं. धाकट्याने मला बंद केलं, पालथं केलं, खालची बाजू वर घेतली आणि मागून उघडलं. माझ्या पुठ्ठ्यावरचा क्रूस डोक्यावर उभा. शेजारच्या ब्रदरने त्याला कोपराने ढोसलं.

"उलटं धरलंयस!"

"माझं सुलटंच आहे. तू गा."

शेजाऱ्याने मान वाकडी करून आत पाहिलं आणि त्याला हसू आवरेना. त्याचे खांदे हलायला लागले. ते पाहून धाकट्याचेही. मठाधिपतींनी वेदीजवळून पाहिलं. त्यांना वाटलं, दोघे रडतायत. त्यांनी मायेने मान हलवली. हसू गळ्यात असतानाच धाकट्याने गायला सुरुवात केली. आवाज फाटका, सूर यथातथाच, पण पहिल्या ओळीपासून. नावाच्या जागी सगळ्या मठाने थोरल्याचं लांबलचक नाव घेतलं. एका बाकावरून तेवढा 'दादा' आला, आणि तोच आधी वेदीपर्यंत पोचला, कारण शब्द लहान होता.

हल्ली मी रोज उघडला जातो. माझ्या कोपऱ्यांना साबणाचा वास आहे. धाकटा बोट ओलं करून पानं उलटतो, मी काही बोलत नाही. मांजरीपाशी तो जरा रेंगाळतो, मग पुढे जातो. मठात कोणी गेलं की आम्ही दोघं उलटे होतो. नावाच्या जागी नवं नाव घेतो, आणि 'दादा' त्याच्या आधी म्हणतो.

तुमच्याकडेही कुणीतरी आपल्या हातांनी केलेलं काही ठेवून गेलं असेल. विणलेलं, ठोकलेलं, लिहिलेलं. ते कपाटात जपू नका हो. वापरा. मळू दे, फाटू दे, मोठ्या टाक्यांनी शिवा. मी सांगतो, आम्हाला दुखत नाही.

बरं, घंटा झाली. तो जिन्यावरून धावत येतोय, हात न पुसता.