बदलीचा बाप

सिस्टरांच्या आमच्या शाळेला साठ वर्षं झाली. पहिला वर्ग म्हणे एका गोठ्यात भरला, कंपनीतल्या कामगारांच्या पोरांसाठी. आता सोळाशे पोरं आहेत. परीक्षेला येताना कपाळाला अंगारा लावतात आणि पेपर हातात पडला की क्रूसाची खूणही करतात. दोन्हीकडून बंदोबस्त! सिस्टर हसतात, मीही हसते. एरवी मी फारशी हसत नाही. मी विजयश्रीबाई, दहावी ब, गणित. माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे अख्ख्या शाळेला ठाऊक आहे.

शनिवारी पालकसभा झाली. चाचणीत माझ्या वर्गातल्या दिव्याला वीसपैकी तीन. तिचे वडील समोर मान खाली घालून बसलेले. तीन वर्षं हे गृहस्थ येतात, ऐकतात, सही करतात, एक प्रश्न विचारत नाहीत. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अहो, तोंड तरी उघडा! जाऊ द्या. पोरीला डोकंच नाही तुमच्या. कशाला दहावीला बसवताय, फुकट वर्ष जाईल." ते "बरं बाई" म्हणाले आणि गेले.

सोमवारी प्रार्थना संपली, तर स्टाफरूमच्या दारात एक अनोळखी माणूस. अंगात कंपनीचा शर्ट, डोळे तांबारलेले.

"मी ज्योतीराम, दिव्याचा बाप. तिचा दाखला न्यायला आलोय."

"तुम्ही वडील? मग शनिवारी आलेले कोण?"

"भैरू. शेजारचा." तो ओशाळला. "मी महाळुंग्याच्या कंपनीत कंत्राटावर हाय, बाई. खाडा पडला की दुसऱ्या दिवशी गेटवरनंच परत धाडत्यात. मशीनवर कसं, आपल्या जागी बदली माणूस देतो, तसा सभेला भैरूला धाडतो. त्याला सेकंड शिफ्ट असते, सकाळी मोकळा. आज दाखल्याला बापाची सही लागंल म्हणून खाडा करून आलो."

तीन वर्षं शाळेला फसवलंत, असं मी म्हणणारच होते.

"पण निरोप पक्का आणतो बरं का. आठवीत तुम्ही म्हणलात, पोरगी घाबरते. तवापासून मी तिच्यावर हात उचलला न्हाई. नववीत म्हणलात, फळा दिसत न्हाई. दुसऱ्या दिवशी चष्मा केला. परवा म्हणलात, डोकं न्हाई. बाई सांगतात म्हणजे खरंच असंल. गावाकडं तिच्या आत्याकडं ठेवतो. शिवण शिकंल."

या माणसानं माझा शब्दन् शब्द पाळला होता.

"भैरूनं काय चुकीचं तर सांगितलं न्हाई ना?" त्यानं विचारलं.

खोटं कशाला सांगू, 'हो, चुकीचंच सांगितलं' म्हणावंसं वाटलं. दिव्या शाळेत राहिली असती, माझीही लाज राहिली असती. फक्त भैरू खोटारडा ठरला असता.

"नाही हो. त्यांनी बरोबर सांगितलं. मीच रागात बोलले. दिव्याला डोकं आहे. चुकलं माझं."

"मग बाई, तुमचं रागातलं कोणतं अन् खरं कोणतं, आमाला कसं कळावं?"

"दाखला राहू द्या," शेवटी तोच म्हणाला. "पण तिला तुमीच सांगा. दोन दिवस जेवली न्हाई पोरगी."

मी तशीच वर्गात गेले. दिव्या शेवटच्या बाकावर, दप्तर छातीशी धरून बसली होती. पन्नास पोरांसमोर मी सांगितलं, "दिव्या, तुझ्याबद्दल मी बोलले ते खोटं होतं. मला माफ कर."

दिव्या उभी राहिली, डोळे पुसले.

"मग बाई, मला तीनच मार्क का पडले?"

"ते मलाही माहीत नाही," मी म्हटलं. "काढ वही. बघू दोघी मिळून."