हँडलला बांधलेली पुडी

महाळुंगे गावातून कंपन्यांकडे जो रस्ता वळतो, त्याच्या तोंडाशीच इम्तियाजचं टू-व्हीलरचं गॅरेज. पत्र्याची शेड, हवेचा कॉम्प्रेसर, आणि शिफ्ट सुटली की बाहेर गाड्यांची ही गर्दी. इम्तियाजचे वडील निलंग्याहून इथं आले तेव्हा आजूबाजूला कंपन्या नव्हत्या, ज्वारी होती. त्यांनी गॅरेजला एक पद्धत घालून दिली. गाडीचा कुठलाही पार्ट बदलला, की काढलेला जुना पार्ट वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि ती पुडी हँडलला सुतळीनं बांधायची. मग गिऱ्हाईक ती घरी नेवो नाहीतर पुढच्या वळणावर फेको. आपण बांधायची.

इम्तियाजची थोरली लेक सिदरा नववीत होती, आणि तोंडानं अशी की मिरचीनं लाजावं. यंदा शाळेत दर शनिवारी उद्योजकतेचा वर्ग सुरू झाला आणि पोरीच्या अंगात वारंच शिरलं. भाजी उरली तरी म्हणायची, "दादी, हे वेस्टेज आहे." रहमतबी, म्हणजे इम्तियाजची आई, कपाळावर हात मारून घ्यायची. "या अल्ला, हिला शाळेत घातलीय का कंपनीत?"

वर्ग घेणाऱ्या साधना मॅडमनी महिन्याभराचं काम दिलं होतं. घरातला किंवा ओळखीतला एक धंदा घ्या, त्यात वाया जाणारी एक गोष्ट शोधा, ती थांबवा, काय फरक पडला ते मांडा. आणि शेवटी त्या धंद्याच्या सगळ्यांत जुन्या गिऱ्हाइकाचं मत त्याच्याच शब्दांत लिहून आणा. "तुमच्या शब्दांत नाही हं," मॅडमनी बोट उगारून बजावलं होतं.

सिदराला वाया जाणारी गोष्ट शोधायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ती शेडमध्ये उभी राहिली, समोर अब्बा पुडी बांधत होते.

"अब्बा, हे लोखंड आपण फुकट देतो?"

"त्यांचंच आहे ना बेटा. त्यांच्या गाडीतून निघालं."

"पण ते फेकूनच देतात! भंगारात दिलं तर महिन्याला केवढे होतील. शिवाय कागद वाचेल, सुतळी वाचेल, तुमचा वेळ वाचेल."

इम्तियाजनं स्पॅनर पुसला. मनातून त्याला हे पटलं नव्हतं, पण लेक पहिल्यांदाच गॅरेजकडे नाक न मुरडता बघत होती. बापाचं काळीज, दुसरं काय! "जा, महिनाभर तुझं राज्य," तो म्हणाला.

मग काय विचारता! सिदरानं कोपऱ्यात एक मोठा डबा ठेवला आणि त्यावर खडूनं 'रिसायकल' लिहिलं. जुन्या चेन, वायरी, बेअरिंग सगळं डब्यात. दर रविवारी भंगारवाला यायचा, वजन करायचा, आणि सिदरा वहीत आकडा लिहून खाली दोन रेघा ओढायची. कुणी गिऱ्हाइकानं तक्रार केली नाही. एकदोघं हँडलकडे बघून क्षणभर थांबले, एवढंच. ते थांबणं तिच्या वहीत लिहायला रकानाच नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात नानासाहेबांची स्कूटर आली. नानासाहेब म्हणजे महाळुंग्याचे जुने शेतकरी. अर्धी जमीन कंपनीला गेली, मुलानं दारात मोठी गाडी आणून लावली, पण म्हातारा त्या गिअरवाल्या स्कूटरवरून उतरायला तयार नव्हता. ती स्कूटर नवी असल्यापासून या गॅरेजात येत होती. नानासाहेब ज्या दारात उभे राहतात, त्या दारात त्यांची सगळी भावकी उभी राहते, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. इम्तियाजनं मागच्या चाकातले झिजलेले ब्रेक शू काढले, नवे बसवले. नानासाहेब न्यायला आले, त्यांनी पैसे दिले, आणि हँडलकडे बघितलं.

"जुनं कुठं हाय?"

"ते आता आम्ही रिसायकल करतो, नाना," सिदरा ऐटीत म्हणाली.

"आसं व्हय," नानासाहेब म्हणाले आणि किक मारून निघून गेले.

शेवटचा शनिवार दोन दिवसांवर आला, तेव्हा सिदरा मताचा कागद घेऊन त्यांच्या घरी गेली. नानासाहेब ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. तिनं पेन सरसावून विचारलं, "नाना, आमच्या गॅरेजबद्दल तुमचं मत?"

"लिव," नानासाहेब म्हणाले. "जुना पार्ट दावला न्हाई. ब्रेक पयल्यासारखा धरला न्हाई. लिवलं?"

सिदराचा हात थांबला.

"शू बदललेच न्हाईत, पुसून तेच बसिवलं, आसं मला वाटतंय. तुझ्या बापाला तोंडावर बोलाया जीभ रेटली न्हाई, पोरी. तीस वर्सांचा घरोबा. पर इचारणाऱ्याला मी खोटं सांगितलं न्हाई. भावकीतली पोरं आता चाकणला गाड्या नेत्यात."

खरंच की! गेल्या आठवड्यापासून नानांच्या आळीतली एकही गाडी आली नव्हती. सिदराला वाटलं होतं, लग्नसराई आहे. नवे ब्रेक शू चार दिवस घासल्याशिवाय नीट धरत नाहीत, हे तिला ठाऊक होतं, अब्बा ते प्रत्येकाला सांगायचे. पण सांगण्याआधी पुडी हँडलला बांधलेली असायची, म्हणून लोकांना पटायचं. आता पुडी कुठून आणणार? नानांचे जुने शू भंगाराच्या ट्रकमधून केव्हाच पुढं गेले होते. बाप पुसलेला पार्ट नवा म्हणून विकतो, असं गावात झालं होतं, आणि ते तिच्यामुळं झालं होतं.

वाटेत तिच्या मनात एक वाईट विचार येऊन गेला. हा कागद फाडून दुसऱ्या कुणाचं गोड मत लिहून नेलं असतं, तर मॅडमना काय कळणार होतं? अब्बांनाही कळलं नसतं. गिऱ्हाइकं हळूहळू कमी झाली असती आणि अब्बांनी नशिबाला बोल लावला असता. हा शेवटचा विचार मात्र तिला सहन झाला नाही. ती शेडमध्ये शिरली आणि कागद अब्बांच्या हातात ठेवून, नाना काय म्हणाले ते सगळं सांगत रडायला लागली.

इम्तियाजनं कागद दोनदा वाचला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, पण तो खाली बसला. रहमतबी आतून आली, तिनंही ऐकलं.

"तुझ्या बापानं पुडी हौस म्हणून नव्हती बांधली, इम्तियाज. परक्या गावात आलो होतो आपण. कोण विश्वास ठेवणार होतं?"

"अम्मी, मला ठाऊक आहे. हिला सांगायचं माझं राहिलं." इम्तियाज उठला. "हत्यारांची पेटी घे, सिदरा."

"मी काय बोलू तिथं?"

"काही नको. खोलून दाखव. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

संध्याकाळी चारचं ऊन नानांच्या अंगणात होतं. नानासाहेबांनी दोघांना बघितलं आणि ते जरा वरमले. सिदरा त्यांच्यासमोर उभी राहिली. "नाना, जुने शू मी भंगारात विकले. अब्बांनी नाही. चूक माझी आहे. नवे बसवलेत की नाही, ते तुम्ही डोळ्यांनी बघा."

तिनंच स्कूटर आडवी केली, तिनंच चाक काढलं. मधल्या मोठ्या नटाला मात्र अब्बांचा जोर लागला. शूला झाकणारा ड्रम निघाला, तसे नानासाहेब गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. शूची जाडी नव्यासारखी भरलेली होती आणि कडेवरचा कंपनीचा छापा कालच्यासारखा ताजा. नानासाहेबांनी त्यावरून बोट फिरवलं.

"नवंच हायेत," ते अखेर म्हणाले. "माझ्या तोंडानं भलतंच गेलं, इम्त्याज."

"तुमच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं, नाना."

"भावकीला मी सांगतो. आजच सांगतो." मग ते सिदराकडे वळले. "बसव परत."

"नाना, बसवताना तुम्ही बघा," सिदरा घाईनं म्हणाली. "समोर उभे राहा, म्हणजे..."

"आता कशाला बघू?" नानासाहेबांनी पाठ फिरवली. "बसव तू. मी च्या टाकाया सांगतो. इम्त्याज, तूबी ये आत."

इम्तियाजनं लेकीकडे बघितलं. "मोठा नट राहू दे, तेवढा मी येऊन आवळतो," तो म्हणाला आणि चपला काढून आत गेला.

अंगणात सिदरा आणि उघडं चाक, एवढंच उरलं. मघाशी दोन माणसं टक लावून बघत होती, आता चूक झाली असती तरी कुणाला दिसणार नव्हती. तिनं फडक्यानं ड्रम आतून पुसला, बसवला, मग चाक चढवलं. एकेक नट आवळला. झालं होतं खरं तर. आतून कपबशा वाजल्या, कुणी बाहेर डोकावलं नाही. सिदरा पुन्हा खाली बसली आणि तिनं पहिल्या नटापासून सगळे परत एकदा आवळले.